नकाराला जागा देणारी गावं

चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. तेव्हापासूनच्या चार दशकांत या दोन जिल्ह्यांविषयी बाहेरून मतं देणाऱ्यांची कधी वानवा नव्हती. वाघ वाचले पाहिजेत, दारूबंदी कुठं टिकते का, आदिवासींना विकासच नको असतो, तिकडची माणसं भोळी असतात, असं मुंबई-पुण्यात सहज बोललं जातं आणि छापूनही येतं. त्याच काळात इथली माणसंही आपसात बोलत होती. पानठेल्यावर तंबाखूचा खर्रा घोटून होईपर्यंत, धानाच्या रोवणीत, आठवडी बाजारात, मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, रात्री नाटकाचा पडदा वर जायची वाट पाहताना. त्या बोलण्याची नोंद फार थोडी झाली. पण या जिल्ह्यांत जे खरोखर पालटलं, ते बहुतेक याच बोलण्यातून पालटलं. आणि जे बिघडलं, तेही पुष्कळदा याच बोलण्यातून बिघडलं.

म्हणून हा मागोवा घटनांचा कमी आणि लोकमताचा अधिक आहे. दारू, नाटक, बंदूक, वाघ, जादूटोणा यांवर इथल्या माणसांचं म्हणणं काय होतं आणि ते कसं सरकत गेलं, याचा. तो घेताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली. एखादं मत किती जणांचं आहे, एवढ्यावरून त्याचं मोल ठरत नाही. ते ठरत असताना ‘नाही’ म्हणणाऱ्याला जागा होती का, आणि ज्याला त्याची किंमत मोजायची आहे तो माणूस तिथं हजर होता का, हे पाहावं लागतं.

बायांनी मांडलेला प्रश्न

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली ती आरोग्याच्या कामासाठी. गावागावांत बोलणं सुरू झालं, तेव्हा दारूचा विषय वारंवार पुढं आला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गडचिरोलीत दारूविरोधी चळवळ उभी राहिली आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून बंदी होती, पण ती गांधीजींची कर्मभूमी म्हणून. गडचिरोलीची बंदी गावातून वर गेली होती.

तोवर दारूविषयी चारचौघांतलं मत म्हणजे पुरुषांचं मत. मोहाची दारू देवाला लागते, पाहुण्याला लागते, दिवसभर राबलेल्या अंगाला लागते, पिणाऱ्याला बोलून काय उपयोग, असा त्याचा सूर. त्यात सगळंच खोटं नव्हतं. मोहाच्या झाडाला आणि फुलाला इथल्या आदिवासींच्या विधींत मान आहे. पण रात्री मार खाणारी, पोराच्या वह्यांचे पैसे डब्यात लपवणारी बाई त्या चौघांत बसत नव्हती. ती येऊन बसली, बोलली आणि गावाचं मत फिरलं. नवरे एका रात्रीत सुधारले असं झालं नाही. बोलणारी माणसं बदलली, एवढंच झालं, आणि तेवढं पुरलं.

चंद्रपुरात हेच वीस वर्षांनी घडलं. ‘श्रमिक एल्गार’ या संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर २०१० मध्ये हजारो स्त्रिया चिमूरहून पायी निघून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर धडकल्या. जिल्ह्यातल्या पाचशेहून अधिक ग्रामपंचायतींनी बंदीच्या बाजूनं ठराव केले. सरकारनं समिती नेमली, अहवाल आला, निर्णय मात्र लांबत राहिला. अखेर जानेवारी २०१५ मध्ये मंत्रिमंडळानं होकार दिला आणि १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली. सहा वर्षांनी, २७ मे २०२१ रोजी, दुसऱ्या सरकारच्या मंत्रिमंडळानं ती उठवली.

या सहा वर्षांत मत कसं सरकलं, ते पानठेल्यावर ऐकू येत होतं. सुरुवातीला लोक म्हणत, संध्याकाळी बाजारातून बाई निर्धास्त घरी येते. पुढं म्हणू लागले, सगळी मिळते, फक्त दुपटीनं पैसे मोजा. शेजारच्या जिल्ह्यांतून माल येत होता, शाळेच्या वयाची पोरं बाटल्या पोहोचवू लागली होती. बंदी उठवताना सरकारनं कारणं दिली तीही अशीच होती. अवैध आणि बनावट दारू वाढली, गुन्हे वाढले, त्यात मुलं आणि स्त्रिया ओढल्या गेल्या. ही कारणं मी उडवून लावत नाही. जिच्या घरात बंदीनंतरही दारू येतच राहिली, तिचा बंदीवरचा विश्वास उडाला तर तिला दोष कसा द्यायचा?

तरी बंदी उठवण्याआधी लोकमत ज्या रीतीनं आजमावलं गेलं, ती रीत मला आजही खटकते. २०१० मध्ये मत रस्त्यानं चालत गेलं होतं. बाईचा चेहरा दिसत होता, तिचं गाव कळत होतं, तिला कुणी उलट प्रश्न विचारू शकत होतं आणि ती उत्तर देऊ शकत होती. २०२० मध्ये लेखी निवेदनं मागवली गेली. लाखांच्या संख्येनं कागद जमले आणि बंदी उठवा म्हणणाऱ्यांचं पारडं फार जड निघालं. मोजणी बरोबरही असेल. पण ज्याच्याकडे कागद गोळा करायला माणसं, गाडी आणि पैसा आहे, त्याचे कागद जास्त जमणारच. ग्रामसभेत एकमेकांसमोर बसून बोललेलं मत आणि छापील नमुन्यावर घेतलेली सही, या दोन्ही गोष्टी सारख्या मोजल्या गेल्या.

गडचिरोलीत बंदी टिकली. तिथंही चोरटी दारू आहे, गाळलेली मोहाची आहे, सीमेपलीकडून येणारी आहे. फरक माझ्या मते इतकाच की तिथं बंदी एकदा लागू करून सोडून दिली गेली नाही. २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्तीच्या मोहिमेच्या निमित्तानं गावोगावी दारू आणि तंबाखूचा विषय पुन्हा पुन्हा सभेत येत राहिला. बंदी उठवण्याचं बोलणं निघालं तेव्हा शेकडो गावांनी ती राहू द्या म्हणून ठराव केले. एकदा दिलेलं मत तसंच पडून राहिलं की सैल होतं. त्याला वरचेवर विचारावं लागतं.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. समोरासमोर बोलणं चांगलं, पण ते सगळ्यांना परवडत नाही. महाराष्ट्रात गावातलं किंवा वॉर्डातलं दारूदुकान बंद करण्यासाठी स्त्रियांचं गुप्त मतदान घेतात. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चित्रं असतात. ज्या बाईला मत देऊन पिणाऱ्या नवऱ्याच्याच घरी परतायचं आहे, तिच्यासाठी तो पडदा फार मोलाचा आहे. नकाराला जागा द्यायची म्हणजे काही वेळा त्याला आडोसाही द्यायचा.

खर्ऱ्याच्या बाबतीत मात्र असं फारसं घडलं नाही. राज्यात गुटखाबंदी २०१२ मध्ये झाली, खर्रा चालूच राहिला. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या तुकड्यावर घोटून दिलेली पुडी इथल्या कुठल्याही चौकात मिळते. बाप पोराला ती आणायला पाठवतो, बायाही खातात. दारूनं मार बसतो, तो दिसतो. खर्ऱ्यानं तोंड हळूहळू उघडेनासं होतं, ते वर्षांनी कळतं. त्यामुळे खर्ऱ्याविरुद्ध तसा मोठा मोर्चा या जिल्ह्यांत निघाल्याचं मला ठाऊक नाही. ज्याचं नुकसान उशिरा दिसतं, त्यावर लोकमतही उशिरा तयार होतं.

रात्रभर जागणारा प्रेक्षक

इथलं मत ग्रामसभेइतकंच नाटकाच्या मांडवातही घडतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा आणि जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. दंडार, खडी गंमत हे इथले जुने लोकप्रकार. संगीत नाटकाचा संस्कार घेऊन इथं वेगळी रंगभूमी वाढली आणि वडसा, म्हणजे देसाईगंज, तिचं मोठं केंद्र झालं. दिवाळीनंतर मंडई भरू लागतात, धान घरात येतं आणि होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. गावातलं मंडळ कंपनीशी ठरवतं, तिकीट लावतं. रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक उजाडता संपतं. घरोघरी पाहुणे असतात, सोयरिकीही याच दिवसांत जुळतात.

शहरातल्या जाणकारांना ही नाटकं भडक वाटत आली. अभिनय मोठा, रडणं मोठं, मध्येच लावणी, मध्येच विनोदी पात्राची धमाल. ते वर्णन चुकीचं नाही, पण अपुरं आहे. रंगमंचावरचा दारुडा, सावकार, हुंडा मागणारा बाप, भोंदू बाबा, निवडणुकीला उभा राहिलेला पुढारी, यांची खरी माणसं पुढच्या रांगेत बसलेली असतात. ज्याला गावात तोंडावर काही बोलता येत नाही, त्याला विनोदी पात्र हजार माणसांसमोर बोलून घेतं. दुसऱ्या दिवशी शेतावर, विहिरीवर त्याचीच चर्चा असते. सासूनं सुनेला छळलं ते बरोबर की चूक, यावर बाया भांडतात, आणि त्या भांडणात स्वतःच्या घराबद्दल जे बोलायचं असतं तेही बोलून घेतात. गावानं स्वतःविषयी नकार उच्चारण्याची ही एक रीतसर सोय आहे.

टीव्ही आला तेव्हा ही रंगभूमी आता संपली असं म्हटलं गेलं. हातात मोबाइल आला तेव्हा पुन्हा तेच. नाटकं चालू राहिली. करोनाच्या साथीत मांडव उभे राहिले नाहीत आणि शेकडो कलावंत, वादक, मंडपवाले यांची रोजी गेली, तरी पुढच्या हंगामांत गर्दी परत आली. २०२२ मध्ये या रंगभूमीवरचा ‘झॉलीवूड’ हा चित्रपट आला. २०२३ मध्ये गडचिरोलीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. तो दिवस झाडीपट्टीतल्या प्रत्येक गावानं आपला मानला. ज्या नाटकाकडे बाहेरचे खेडवळ म्हणून बघत होते, त्याच्या विनोदाला देशानं मान दिला होता.

तक्रारीही आहेत आणि त्या खऱ्या आहेत. जुने प्रेक्षक म्हणतात, नाचगाण्यात कथा हरवते. पूर्वी गावातलीच पोरं पात्रं रंगवत, आता सगळं कंपनीवर सोपवलं जातं. आणखी एक गोष्ट मला फार बोचते. रात्रभर काम करून पहाटे परतणाऱ्या नटीविषयी त्याच गावात हलकं बोललं जातं, जे गाव तिच्या रडण्यावर रडलेलं असतं. ज्या दिवशी तिच्या बाजूनं एखादी बाई मांडवातच उठून बोलेल, त्या दिवशी ही रंगभूमी आणखी मोठी होईल.

मंडईला लागून असलेल्या शंकरपटाचंही इथं सांगायला हवं. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली आणि पट थांबले. गावांत नाराजी होती. बैलाला आम्ही पोरासारखं वाढवतो, न्यायालयाला काय माहीत, असं शेतकरी म्हणत. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं ती कायम केली. शेतकऱ्याचा बैलावरचा जीव खरा आहे. पण शर्यतीची किंमत मोजणारा बैल आहे आणि त्याला बोलता येत नाही. त्याच्या वतीनं घातलेल्या अटी म्हणूनच मला योग्य वाटतात. ज्याला जीभ नाही, त्याच्यासाठी नियमानं बोलावं लागतं.

दोन बंदुकांच्या मध्ये

नक्षलवादी गडचिरोलीच्या जंगलात शिरले ते १९८० च्या सुमारास. तेंदूपत्त्याची मजुरी, जंगल खात्याचा जाच, ठेकेदारांची लूट या गोष्टी खऱ्या होत्या आणि सुरुवातीला अनेकांना हे लोक आपले वाटले. नंतर पोलिसांचा खबऱ्या म्हणून माणसं मारली जाऊ लागली. दशकांच्या हिशेबात असे शेकडो आदिवासी मेले. दुसऱ्या बाजूला पोलिसांची चौकशी, संशय, मारहाण. ऑक्टोबर २००९ मध्ये लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले, १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातल्या स्फोटात १५ जवान आणि त्यांचा चालक गेला. प्रत्येक घटनेनंतर वाहिन्यांवर चर्चा झाल्या. गावांत मात्र मतच उरलं नाही. कुणी विचारलं तर लोक पाऊसपाण्याचं बोलत.

याला बाहेर अज्ञान म्हणत, भोळेपण म्हणत. ते जिवाचं भान होतं. जिथं ‘हो’ म्हटलं तरी मरण आणि ‘नाही’ म्हटलं तरी मरण, तिथं माणूस गप्प बसतो. आणि हीच गप्प माणसं मतदानाला रांगा लावत होती. बहिष्काराचे फलक लागत, अतिदुर्गम भागात मतदान दुपारी तीनलाच थांबवलं जाई, तरी गडचिरोली-चिमूर मतदारसंघात २०१९ मध्ये आणि २०२४ मध्येही सुमारे ७२ टक्के मतदान झालं. मुंबई-पुण्याला हा आकडा गाठता आलेला नाही. मतपेटीपाशी दोन्ही बंदुका ऐकू शकत नव्हत्या, हे मला त्यामागचं मोठं कारण वाटतं.

आता चित्र बदललं आहे. १ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते अहेरी ते गर्देवाडा ही एसटी सुरू झाली, त्याच दिवशी तारक्का या वरिष्ठ नक्षल नेत्या शरण आल्या. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी नक्षल नेते भूपती यांनी ६० साथीदारांसह शस्त्रं खाली ठेवली. गावात आता मोकळं बोललं जातं, आणि मोकळं बोलणं सुरू झालं की मतभेदही उघड होतात. सुरजागडची लोहखाण २०२१ पासून जोरात चालू आहे. एका घरातला मुलगा तिथं कामाला जातो, त्याच घरातला म्हातारा ठाकूरदेवाचा डोंगर पोखरला म्हणून हळहळतो. एटापल्ली तालुक्यातल्या तोडगट्टा इथं २०२३ मध्ये अनेक गावांतली माणसं खाणींच्या विरोधात महिनोन् महिने धरणं धरून बसली होती. बंदूक गेल्यावरही त्यांच्या नकाराला नक्षली ठरवून मोकळं होण्याची सवय सुटली नाही, तर शांतता अर्धीच राहील.

वाघ कुणाचा

ताडोबा हे महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५५ चं. पुढं अंधारी अभयारण्य जोडून १९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. ताडोबा हे नाव तारू या गोंड गावप्रमुखावरून आलं, असं इथं सांगतात. वाघाशी झुंजताना तो मेला, तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे आणि पौषात तिथं जत्रा भरत आली आहे. वाघ मारणारा आहे आणि पूजेचाही आहे, या दोन्ही गोष्टी इथल्या मनात फार काळ एकत्र नांदल्या.

इथले लोक वाघाच्या विरोधात आहेत, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं २००९ आठवावं. ताडोबाजवळच्या लोहारा इथं कोळशाची खाण येणार होती. चंद्रपूरच्या ‘इको-प्रो’ या संस्थेचे बंडू धोतरे उपोषणाला बसले, शहर त्यांच्यामागं उभं राहिलं आणि खाण रद्द झाली. धुळीत आणि वीजकेंद्राच्या धुरात जगणाऱ्या शहरानं कोळशाऐवजी जंगल निवडलं होतं.

पण नंतरच्या वर्षांत वाघ वाढले आणि प्रकल्पाच्या हद्दीत मावेनासे झाले. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, राजुरा इथल्या शेतांत, बोड्यांवर म्हणजे लहान तळ्यांवर, झुडपी जंगलात ते राहू लागले. अनेक बळी घेणारा राजुऱ्याचा ‘आरटी-१’ ऑक्टोबर २०२० मध्ये पकडला गेला. तीन जिल्ह्यांत १३ माणसं मारणारा ‘सीटी-१’ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा परिसरात जेरबंद झाला. गडचिरोलीतून जवळजवळ दिसेनासा झालेला वाघ परतला, पाठोपाठ २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप येऊन धानाच्या बांध्यांत उतरला. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायांना एकाच वेळी वाघानं मारलं. त्याच महिन्यात जिल्ह्यात आणखी बळी गेले.

वाघाविषयीची दोन मतं इथून पूर्ण वेगळी झाली. ताडोबातली माया ही प्रसिद्ध वाघीण २०२३ च्या ऑगस्टनंतर दिसेनाशी झाली, तेव्हा देशभरातले वन्यजीवप्रेमी, छायाचित्रकार हळहळले. ती हळहळ खरी होती. माझाही जीव हळहळला. पण तेंदू तोडताना गेलेल्या बाईचं नाव तिच्या तालुक्याबाहेर कुणाला ठाऊक नसतं. सफारीच्या जिप्सीत बसलेल्याला वाघ दिसला नाही तर वाईट वाटतं, पान तोडायला वाकलेल्या बाईला तो दिसला तर तिचा जीव जातो. वाघांवरच्या बैठकांत अधिकारी असतात, शास्त्रज्ञ असतात, रिसॉर्टचे मालक असतात. मोह वेचणारी, सरपण आणणारी, गुरं चारणारी माणसं फार थोडी असतात. नुकसानभरपाईची रक्कम वाढत गेली, ते चांगलंच झालं. पण भरपाई माणूस गेल्यावर मिळते. तेंदूच्या हंगामात कुठला कूप बंद ठेवायचा, पहाटे किती वाजता जंगलात शिरायचं, सोबत किती जण हवेत, मजुरी बुडाली तर ती कोण देणार, हे त्या बायांना विचारून ठरवलं असतं, तर काही जीव वाचले असते असं मला ठामपणे वाटतं.

जमाव आणि ग्रामसभा

आतापर्यंतच्या हकिकतींवरून गावाचं मत नेहमी चांगलंच असतं असं कुणाला वाटेल. तसं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द इथं भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या सात जणांना भर चौकात बांधून मारलं गेलं. त्यात वृद्ध बायाही होत्या. १ मे २०२४ रोजी एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाडा इथं जादूटोण्याच्या संशयावरून एका स्त्रीला आणि एका वृद्धाला जाळून मारलं. राज्यात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. तरी त्या दोन्ही ठिकाणी मारणाऱ्या हातांइतकेच बघणारे डोळेही होते. तेही गावाचं एकमतच होतं.

मग मेंढा-लेखाचं एकमत त्याहून वेगळं कसं? धानोरा तालुक्यातलं हे लहानसं गोंड गाव. इंचमपल्ली आणि भोपालपटनम धरणांविरुद्धच्या ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलनातून ते जागं झालं. देवाजी तोफा यांच्यासारखे गावातले जाणते आणि त्यांचे सहप्रवासी मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथं एक पद्धत रुजवली. अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या माणसाला बोलावून प्रश्न विचारायचे, पण तिथं निर्णय घ्यायचा नाही. निर्णय फक्त ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीनं. बहुमतानं एकाला हरवून पुढं जायचं नाही. एकाला पटलं नसेल तर थांबायचं, पुन्हा बसायचं. वेळ लागतो. पण ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ असं म्हणणारं हे गाव २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत आलं. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. २०१३ मध्ये गावानं ग्रामदान केलं. पुढं गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूचे लिलाव स्वतः करू लागल्या.

वणी खुर्दच्या चौकात एखादा म्हणाला असता, ‘थांबा, मला हे पटत नाही’, तर जमावानं त्यालाही बांधलं असतं. मेंढ्यात असं म्हणणाऱ्यासाठी सगळं गाव थांबतं. माझ्या लेखी दोन्हींतला सगळा फरक एवढाच आहे. जमावाला एकमत लागतं आणि घाई लागते. ग्रामसभेला एकमत लागतं, पण ती घाई करत नाही, आणि ज्याच्याविषयी बोलणं चाललं आहे तो समोर बसलेला असतो.

कुर्माघराची चर्चाही याच कसोटीला लावावी लागते. माडिया-गोंड गावांत पाळीच्या दिवसांत बायांना वेगळ्या झोपडीत राहावं लागतं. गळकं छप्पर, विंचू-साप, थंडी. बाहेरचे म्हणतात पाडून टाका, काही संस्था म्हणतात पक्की बांधून द्या, गावातले पुरुष म्हणतात देवाचा कोप होईल. मी ही प्रथा संपावी या मताचा आहे. तरी गावात गेलं की ऐकू येतं ते असं, काही बायांना ते चार दिवस कामातून मिळणारी एकमेव सुट्टी वाटतात, आणि काहींना तिथली रात्र भीतीची वाटते. ती सुट्टी त्यांना घरातच कशी मिळेल, हे त्याच सांगतील, आणि त्यांचं ऐकलं तर ती झोपडी आपोआप रिकामी राहील.

पुढची दशकं

गेल्या चार दशकांत या दोन जिल्ह्यांत ज्याचं ऐकलं गेलं नव्हतं तो माणूस बोलला, तेव्हा तेव्हा लोकमत पुढं गेलं. दारूवर बाई बोलली, जंगलावर मेंढ्याची ग्रामसभा बोलली, नाटकात गावच स्वतःशी बोललं. आणि जिथं एखाद्याचा नकार दाबला गेला, तिथं बंदूक आली, जमाव आला, किंवा कागदांचा ढीग आला.

पुढचे प्रश्न आताच दारात आहेत. खाणी वाढतील, रस्ते रुंद होतील, वाघ आणि हत्ती शेतांत येतच राहतील, दारूबंदीचा विषय गडचिरोलीत पुन्हा निघेल. या प्रत्येक वेळी निर्णय घेणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. निवेदनांचे गठ्ठे मोजण्याआधी ग्रामसभा भरवाव्यात, आणि ग्रामसभेत सर्वांत आधी त्याला बोलू द्यावं ज्याचं सर्वांत जास्त जाणार आहे. कायदा याच्या आड येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानं आणि पेसा या अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींच्या कायद्यानं ग्रामसभेला हा अधिकार दिलेला आहे. तो वापरायचा धीर मेंढ्यानं दाखवला, बोलायचा धीर चिमूरहून चालत निघालेल्या बायांनी दाखवला. बाकीच्यांनी निदान त्यांना अडवू नये, आणि त्यांचं म्हणणं पुरतं ऐकून मगच आपलं मत द्यावं.